निरुपद्रवी कलपाची कंपनी : यूजेन श्युएलेर (१८८१–१९५७)

रसशाळा

लोरेआल म्हटलं की जाहिरातीतल्या नट्या डोळ्यांसमोर येतात. ज्या माणसाने ही कंपनी काढली तो मात्र रसायनाचा पदवीधर होता, आणि त्याचा पहिला माल होता पांढऱ्या केसांचा कलप. मराठीत त्याच्याविषयी सलग असं फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

यूजेन श्युएलेरचा जन्म २० मार्च १८८१ला पॅरिसमध्ये झाला. घराणं मूळचं आल्सासचं, म्हणजे जर्मनीलगतच्या प्रांतातलं. आईवडिलांचं शेर्श-मिदी रस्त्यावर केक-पेस्ट्रीचं दुकान होतं. पनामा कालव्याच्या कंपनीचं दिवाळं वाजलं, त्यात हजारो फ्रेंच कुटुंबांची पुंजी बुडाली. श्युएलेर कुटुंब त्यातलंच. तरीही मुलाचं शिक्षण सुटलं नाही. १९०४ साली तो पॅरिसच्या उपयोजित रसायन संस्थेतून बाहेर पडला, सोर्बोन विद्यापीठात व्हिक्तोर ओजे या प्राध्यापकाचा सहायक झाला आणि पुढे 'फार्मासी सांत्राल' या मोठ्या औषध कंपनीत लागला.

त्या सुमारास एक केशकर्तनकार विद्यापीठात रसायनज्ञ शोधत आला. त्याला न बिघडणारा, टाळू न भाजणारा कलप हवा होता. त्याच्यासोबतचं काम फार टिकलं नाही, पण प्रश्न श्युएलेरच्या डोक्यात बसला. आल्जे रस्त्यावर दोन खोल्यांचं घर, तिथेच प्रयोगशाळा, गाठीला ८०० फ्रँक. रात्री माल बनवायचा, सकाळी सलूनं फिरून ऑर्डर घ्यायच्या, संध्याकाळी स्वतः माल पोचवायचा. कलपाचं नाव 'ओरेआल'. तेव्हा 'ओरेओल', म्हणजे प्रभावळ, नावाची केशरचना फॅशनमध्ये होती, त्यावरून ते घेतलं.

३० जुलै १९०९ला आंद्रे स्पेरी या हिशेबनिसाच्या भांडवलावर कंपनीची नोंदणी झाली. नाव होतं 'केसांच्या निरुपद्रवी कलपांची फ्रेंच कंपनी'. माझ्या मते या माणसाची अख्खी कारकीर्द त्या 'निरुपद्रवी' शब्दात आहे. गिऱ्हाइकाला भीती कशाची वाटते ते त्याने आधी ओळखलं, आणि ती भीती घालवण्याचं वचन थेट कंपनीच्या पाटीवर लिहिलं.

क्षार_आणि_आम्ल

रसशाळाताई, सुरेख सुरुवात. 'निरुपद्रवी' शब्दाला तेव्हा किती वजन होतं हे कळायला त्याआधीचे कलप कसे होते ते बघावं लागतं.

मुख्य प्रकार तीन. मेंदी, धातूचे क्षार, आणि नव्याने आलेले कोळशाच्या डांबरापासूनचे कलप. मेंदी सुरक्षित, पण पांढऱ्या केसावर नारिंगीच दिसणार. धातूंमध्ये शिशाचं अ‍ॅसिटेट नाहीतर चांदीचं नायट्रेट. शिसं केसातल्या गंधकाशी जुळून काळं सल्फाइड होतं, पण ते केसावर पुटासारखं बसतं. रंग रोज थोडा थोडा चढत जातो आणि शेवटी निर्जीव, धातूसारखी झाक येते. चांदीच्या कलपाने हिरवट छटा यायची आणि बोटं, नखं, कपाळ काळं पडायचं. शिशाचं विष ते वेगळंच.

तिसऱ्या प्रकाराचा कणा म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन, थोडक्यात पीपीडी. ऑगस्ट होफमनने १८६३मध्ये त्याचा अभ्यास केला होता, आणि केसांसाठी त्याचं पहिलं पेटंट १८८३ सालचं, मोने या फ्रेंच कंपनीचं. म्हणजे श्युएलेरने हा पदार्थ शोधला असं जे लिहिलं जातं ते चूक आहे. त्याचं श्रेय दुसरीकडे आहे: प्रत्येक बाटली सारखी निघावी, रंग नैसर्गिक दिसावा, आणि न्हाव्याला तो न चुकता लावता यावा.

मध्यरात्रीचा_वाचक

हे 'केसाच्या आत रंग तयार होतो' म्हणतात ते नेमकं काय? साध्या भाषेत सांगाल का?

क्षार_आणि_आम्ल

नक्की. केसाला बाहेरून कौलांसारखी एकमेकांवर बसलेली खवल्यांचा थर असतो. आत गाभा. तयार रंगाचा मोठा रेणू त्या कौलांतून आत शिरत नाही, बाहेर बसतो आणि धुतला की जातो. पीपीडीचा रेणू लहान आणि बिनरंगी. अमोनियाने मिश्रणाचा पीएच (आम्ल-अल्कली मोजण्याचा आकडा) ९ ते १०.५पर्यंत चढतो, केस फुगतो, कौलं उचकटतात, रेणू आत जातो. सोबतचं हायड्रोजन पेरॉक्साइड त्याचं ऑक्सिडीकरण करतं, म्हणजे प्राणवायूने त्याच्यात बदल घडवतं. मग तो रिसॉर्सिनॉल किंवा मेटाअमिनोफेनॉल अशा जोडीदार रेणूला जोडला जातो आणि मोठा, रंगीत रेणू तयार होतो. तो आता बाहेर पडू शकत नाही. छटा ठरते ती जोडीदार कोणता आणि किती यावर.

पेरॉक्साइडच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० 'व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. २० व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रवातून २० लिटर प्राणवायू सुटतो, टक्क्यांत सुमारे ६. दहाचं ३ टक्के, तिसाचं ९, चाळिसाचं १२. पांढरे केस झाकायला २०च लागतं. १०ने रंग पुरता रुजत नाही, ४०ने केसाचा मूळ रंगच उडतो आणि टाळू पोळते.

सलूनशाळा

हाताने काम करणाऱ्यांसाठी थोडी भर. ६० ग्रॅम क्रीमला ६० मिली डेव्हलपर (म्हणजे तेच पेरॉक्साइड), काही कंपन्यांत दीडपट म्हणजे ९० मिली. पाकिटावर जे असेल तेच, अंदाजाने नको. वाडगा प्लॅस्टिकचा किंवा काचेचा. धातूच्या वाडग्यात पेरॉक्साइड आधीच फुटायला लागतं. कालवल्यापासून घड्याळ सुरू. उरलेलं मिश्रण उद्यासाठी ठेवायचं नाही, त्यातली रंग होण्याची क्रिया वाडग्यातच संपून जाते, आणि झाकण घट्ट लावलं तर वायूने बाटली फुटू शकते.

वाढलेल्या मुळांना आधी लावायचं, ३० ते ३५ मिनिटं, चिवट पांढऱ्या केसांना पाकिटावर असेल तर ४५. टोकांना दर वेळी पूर्ण कलप चोपडला की रंगावर रंग चढतो. मुळं तपकिरी आणि टोकं काळीकुट्ट दिसतात ती यामुळेच. लवकर धुतला तर दोन आठवड्यांत रंग विटतो, कारण आत गेलेले रेणू अजून मोठे झालेले नसतात. लावायच्या दिवशी डोकं धुऊ नये. टाळूवरचं तेल कातडीला थोडं संरक्षण देतं.

आणि क्षारभाऊंनी धातूचे कलप सांगितले ते आजही निकालात निघालेले नाहीत. 'रोज लावा, हळूहळू काळे करा' अशा द्रवांत, आणि भेसळीच्या मेंदीत, धातूचे क्षार सापडतात. त्यावर पेरॉक्साइडचा कलप गेला की केस तापतो, वाफ येते, केस तुटून हातात येतो. परीक्षा सोपी आहे. ३० मिली २० व्हॉल्यूम पेरॉक्साइडमध्ये तीव्र अमोनियाचे २० थेंब टाकायचे, कापलेली एक बट त्यात ३० मिनिटं बुडवून ठेवायची. बुडबुडे आले, द्रव तापला, घाण वास आला किंवा रंग झपाट्याने बदलला, तर त्या डोक्याला हात लावू नका.

रसशाळा

सलूनशाळा, तुमच्या या प्रतिसादातच श्युएलेरची विक्रीची पद्धत दडलेली आहे. कलप चुकीचा लावला तर दोष बाटलीला जातो. म्हणून त्याने बाटलीसोबत शिक्षणही विकलं. १९०९मध्येच त्याने 'ला क्वाफ्यूर द पारी' या न्हाव्यांच्या मासिकाचा आधार घेतला, आणि पुढे लूव्र रस्त्यावर कलप लावायचं शिकवणारी शाळा काढली. शिकून गेलेला न्हावी आपोआप त्याचा विक्रेता व्हायचा. १९१२पर्यंत माल हॉलंड, ऑस्ट्रिया, इटलीत जात होता.

पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात संपर्क अधिकारी होता. त्या काळात धंदा बायकोने, बर्थने, सांभाळला. परत आला तेव्हा कंपनी शाबूत होती. १९२२मध्ये मुलगी लिलियान झाली, १९२७मध्ये बर्थ गेली. पुढे त्याने लिलियानच्या इंग्रज गव्हर्नेसशी लग्न केलं.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बायकांनी केस आखूड कापायला सुरुवात केली तेव्हा बरेच केशभूषाकार हवालदिल झाले. प्रत्यक्षात उलटं झालं. लांब केस अंबाड्यात बांधले की मुळं लपतात. आखूड केस दर काही आठवड्यांनी कापावे लागतात, आणि वाढलेली पांढरी मूळं लगेच दिसतात. सलूनच्या फेऱ्या वाढल्या, कलपाचा खप वाढला. त्याच दशकाच्या अखेरीस 'इमेदिया' हा झटपट ऑक्सिडीकरणाचा कलप आला आणि कंपनीचा पाया पक्का झाला.

फेसाळ

शाम्पूबद्दलही लिहायलाच हवं. १९२८ला श्युएलेरने 'मोंसाव्हों' ही साबणाची कंपनी घेतली. साबणाने केस धुण्याची अडचण त्याला पुरती माहीत होती. पॅरिसचं पाणी जड, त्यात कॅल्शियम भरपूर. साबण त्या कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा साका होतो, केसावर चिकटून राहतो, केस राठ नि राखाडी दिसतो. तो काढायला व्हिनेगरचं पाणी ओतावं लागे. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने केस धुणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९३४चा 'दॉप' हा साबणविरहित शाम्पू होता. मेदापासून बनवलेल्या अल्कोहोलवर सल्फेटची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ कॅल्शियमने साकळत नाही, म्हणून जड पाण्यातही फेस येतो आणि साका राहत नाही. रसायन जर्मनांनी आधी कापडासाठी आणलं होतं, श्युएलेरने ते सामान्य घरातल्या न्हाणीत पोचवलं. तेही अशा देशात जिथे आठवड्याला केस धुणं ही चैन होती. त्यामुळे नुसता शाम्पू विकून भागणार नव्हतं, सवय लावावी लागणार होती. त्याने रेडिओवर गाण्यांतून जाहिराती केल्या, युद्धानंतर सर्कशीच्या तंबूत मुलांच्या केस धुण्याच्या स्पर्धा लावल्या, 'व्होत्र बोते' हे मासिक १९३३पासून चालवलं.

१९३५ सालचं 'आंब्र सोलेर' हे उन्हाचं तेल त्याच्या नौकानयनाच्या नादातून आलं. त्यात बेंझिल सॅलिसिलेट हा उन्हातले अतिनील किरण गाळणारा पदार्थ होता, आजच्या मानाने दुबळा. पुढच्याच वर्षी लेओं ब्लुमच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि फ्रान्स समुद्रकाठी लोटला.

शांतपणे_बोलू

सगळं वाचतोय, माहिती उत्तम. पण एक मोठा भाग अजून कोणी लिहिलेला नाही, आणि तो न लिहिता श्युएलेरचं चरित्र पुरं होत नाही.

१९३०च्या दशकात फ्रान्समध्ये 'ला कागुल' या नावाने ओळखली जाणारी गुप्त, सशस्त्र, अतिउजवी संघटना होती. प्रजासत्ताक उलथवणं हा तिचा हेतू, खून आणि बाँबस्फोट ही तिची साधनं. तिचा म्होरक्या यूजेन देलोंक्ल. श्युएलेरने तिला पैसा पुरवला. १९४०मध्ये जर्मन पॅरिसमध्ये असताना देलोंक्लने जर्मनांशी सहकार्य करणारा नवा पक्ष काढला, तेव्हा श्युएलेर त्याच्या वरच्या वर्तुळात होता, आणि पक्षाच्या बैठका रॉयाल रस्त्यावरच्या लोरेआलच्या इमारतीत होत. हा पक्ष उघड ज्यूद्वेष्टा होता. युद्धानंतर चौकशी झाली. जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी त्याच्या बाजूने साक्षी दिल्या, आणि तो शिक्षेवाचून सुटला.

फेसाळ

हे खरं आहे, पण धागा उद्योजकाचा आहे. राजकारण वेगळ्या धाग्यात घ्यावं का?

शांतपणे_बोलू

फेसाळ, वेगळं करता येत नाही, कारण ते कंपनीतही उतरलं. जाक कोरेझ हा देलोंक्लचा उजवा हात. युद्धानंतर त्याला शिक्षा झाली, सुटल्यावर तो लोरेआलच्या स्पेनमधल्या कामात लागला आणि पुढे अमेरिकेतल्या 'कॉस्मेर'चा प्रमुख झाला. ही लोरेआलची तिथली परवानाधारक कंपनी. १९९१मध्ये अमेरिकी न्याय खात्याची त्याच्या भूतकाळाची चौकशी सुरू असतानाच तो वारला. त्याच वादाच्या काळात अरब देशांच्या इस्रायल-बहिष्काराला सहकार्य केल्याचं प्रकरण निघालं आणि १९९५मध्ये कंपनीने अमेरिकेत १४ लाख डॉलर भरून ते मिटवलं. संस्थापकाचे लागेबांधे अर्धशतकानंतर ताळेबंदात आले. 'निरुपद्रवी' हा शब्द पाटीवर लिहिणाऱ्या माणसाबद्दल हे लिहिलंच पाहिजे.

रसशाळा

सहमत. माझ्या पहिल्या पोस्टमध्येच हे यायला हवं होतं. त्याचे आर्थिक विचारही याच काळातले आहेत. मजुरी तासांवर नको, कंपनीच्या उलाढालीच्या प्रमाणात हवी, आणि इतर करांऐवजी ऊर्जेवर एकच कर लावावा, असं तो मांडत असे. त्या कल्पना स्वतंत्रपणे तपासण्याजोग्या आहेत, पण त्या मांडताना तो कोणाच्या पंगतीत बसला होता हे विसरता येत नाही.

२३ ऑगस्ट १९५७ला ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, प्लुबाझलानेक इथे तो गेला.

ताळेबंद

मग पुढे काय, हा भाग मी घेतो, कारण कंपनी मोठी केली ती फ्रांस्वा दालने. जन्म १९१८, उत्तर फ्रान्समधलं एस्दँ. शिक्षण कायद्याचं. पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरच्या विद्यार्थी वसतिगृहात त्याचे मित्र म्हणजे फ्रांस्वा मितेराँ आणि आंद्रे बेतांकूर. मितेराँ युद्धानंतर काही काळ श्युएलेरच्या 'व्होत्र बोते' मासिकाचं काम बघत होता. बेतांकूरने १९५०मध्ये लिलियानशी लग्न केलं. दाल १९४२ला मोंसाव्होंमध्ये लागला, १९४८ला लोरेआलमध्ये वरच्या पदावर आला, १९५७ला प्रमुख झाला आणि १९८४पर्यंत राहिला.

त्याचा पहिला धाडसी निर्णय विकण्याचा होता. १९६१ला त्याने मोंसाव्हों प्रॉक्टर अँड गँबलला विकली. ज्या साबणात तो स्वतः घडला तोच! पण साबणात अमेरिकी कंपन्यांशी किमतीवर झुंजण्यापेक्षा केसांचं संशोधन हे आपलं बलस्थान, हा हिशेब होता. १९६३ला शेअर बाजारात नोंदणी, १९६४ला लांकोम, १९६५ला गार्निये, १९७०ला बिओथेर्म, १९७३ला सिंथेलाबो ही औषध कंपनी.

१९६०चा 'एल्नेट' स्प्रे हा त्याच्याच काळातला. त्याआधीच्या लॅकरमध्ये, म्हणजे केस बसवायच्या फवाऱ्यात, लाख असे, बरीचशी भारतातून जाणारी. लाख अल्कोहोलमध्ये विरघळवून फवारली की केस पत्र्यासारखा ताठ होई, आणि विंचरला की पापुद्रे पडत. नव्या कृत्रिम राळेचा थर ब्रशने निघून जाई.

मध्यरात्रीचा_वाचक

आणि नेस्ले कशी आली? शाम्पूवाल्यांत चॉकलेटवाले कसे?

ताळेबंद

राष्ट्रीयीकरणाच्या भीतीने. १९७२ला समाजवादी आणि कम्युनिस्टांनी संयुक्त कार्यक्रम जाहीर केला, त्यात मोठ्या उद्योगांचं राष्ट्रीयीकरण होतं. मार्च १९७४मध्ये लिलियान बेतांकूरने आपल्या हिश्शापैकी जवळजवळ अर्धा नेस्लेला दिला आणि बदल्यात नेस्लेचे शेअर घेतले. मध्ये 'जेस्पाराल' नावाची धारक कंपनी, म्हणजे नुसते शेअर बाळगणारी कंपनी, ठेवली, तिच्यात बेतांकूर ५१ टक्के, नेस्ले ४९, आणि या कंपनीच्या हाती लोरेआलचं बहुमत. युक्ती इथे आहे: धारक कंपनीत ५१ टक्के असले की पुरतं, लोरेआलमध्ये प्रत्यक्ष हिस्सा पाव भागाच्या आसपास असला तरी सूत्रं कुटुंबाकडेच राहतात. शिवाय परदेशी कंपनी भागीदार असली की सरकारला हात घालणं अवघड. पुढे मितेराँ राष्ट्राध्यक्ष झाला, बँका आणि मोठे उद्योग सरकारने घेतले, लोरेआलला हात लागला नाही.

जेस्पाराल २००४मध्ये लोरेआलमध्येच विलीन झाली. नेस्लेने २०१४ला ८ टक्के शेअर परत विकले, २०२१ला आणखी, आता सुमारे २० टक्के उरलेत. दालनंतर शार्ल झ्व्हियाक हा रसायनज्ञ, १९८८ला लिंडसे ओवेन-जोन्स हा ब्रिटिश, २००६ला जाँ-पॉल आगों, २०२१ला निकोला इएरोनिमुस. शंभराहून जास्त वर्षांत प्रमुख फक्त सहा, आणि पहिला सोडला तर सगळे कंपनीतच वाढलेले. लोरेआल भारतात १९९४ला आली, मुख्यालय मुंबईत, कारखाना चाकणला.

सलूनशाळा

धागा 'निरुपद्रवी'वरून सुरू झाला म्हणून एक गोष्ट नोंदवते. पीपीडी आजही बहुतेक काळ्या-तपकिरी कलपांत आहे. युरोपात डोक्यावर जाणाऱ्या मिश्रणात ते २ टक्क्यांवर चालत नाही. भारतात लेबलवर इंग्रजी आणि स्थानिक भाषेत इशारा सक्तीचा आहे, त्यात आधी चाचणी करा आणि पापण्या-भुवयांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं, असं असतं. लग्नसराईत भुवयांना उरलासुरला कलप लावला जातो तो याच इशाऱ्याखालून.

मध्यरात्रीचा_वाचक

आणि काळी मेंदी? ती तर नैसर्गिक म्हणूनच विकतात.

क्षार_आणि_आम्ल

मेंदीच्या पानातल्या लॉसोनचा रंग नारिंगी ते तांबूस तपकिरी, काळा कधीच नाही. काढून तासाभरात कोळशासारखी काळी होणारी मेंदी म्हणजे जवळजवळ नक्की पीपीडी मिसळलेली, आणि तिथे प्रमाण दहा टक्क्यांच्याही वर गेलेलं सापडलंय. ती हातावर तासन् तास राहते. पहिल्या वेळी बहुतेकदा काही होत नाही, शरीर फक्त तो पदार्थ ओळखायला शिकतं. मग कधी दहा वर्षांनी पांढरे केस झाकायला पहिल्यांदा कलप लावला की डोळे मिटतील इतका चेहरा सुजतो, आणि दोष त्या दिवशीच्या पाकिटाला जातो. मुलांच्या हातावर ती काढू नका.

सलूनशाळा

आणि मोठ्यांनी चाचणी अशी करायची. कानामागची किंवा कोपराच्या आतली रुपयाएवढी जागा साबणाने धुऊन कोरडी करायची. कलपाचा छोटा ठिपका लावायचा, वाळू द्यायचा. चाचणीचं मिश्रण डेव्हलपरसकट की क्रीम एकटं, ते पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे. आपल्याकडच्या लेबलवर २४ तास लिहिलेले असतात, पण ही अ‍ॅलर्जी उशिरा उमटणारी आहे, ४८ किंवा ७२ तासांनीही पुरळ येतं, म्हणून दोन दिवस थांबावं. खाज, लाली, पाण्याचे फोड, यातलं काहीही आलं तर तो कलप नाही, आणि 'अमोनियाविरहित' लिहिलेला दुसराही नाही, कारण त्यात अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतं. घटकांच्या यादीत पॅराफेनिलीनडायअमाइन किंवा टोल्युईन-२,५-डायअमाइन आहे का ते वाचा. या दुसऱ्या पदार्थानेही पीपीडीच्या अ‍ॅलर्जीवाल्यांपैकी अनेकांना त्रास होतो. याआधी कधी काळ्या मेंदीने पुरळ आलं असेल तर घरची चाचणीसुद्धा नको, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.